कात्री आपल्या हातात

(उपनगरांतल्या महिला गटांच्या घाटकोपरच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून आपण पाण्यावर बोललो, रेशनवर बोललो, घरातल्या मारहाणीवर बोललो. जेवणानंतर मी शिवणकामाच्या आनंदावर बोलणार असं फळ्यावर लिहिलेलं पाहून दोघीतिघी हसल्या. त्यांचं हसणं मला समजतं. आपल्या चळवळीत 'शिवणवर्ग' हा शब्द जरा खालच्या आवाजातच उच्चारला जातो. शिवणवर्ग, पाककृती, हळदीकुंकू हे सगळं जुन्या महिला मंडळांचं, आपण मोर्चेवाल्या. बाईला घराबाहेर काढायचं सोडून पुन्हा सुईदोऱ्याला कशाला बांधता, असं कार्यकर्त्या विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचं माझ्यापुरतं उत्तर द्यायला मी उभी आहे.

आणखी एक कारण आहे. आमच्या गटापुढे सध्या एक निर्णय आहे आणि त्यावर आमचं एकमत नाही. तो शेवटी तुमच्यापुढे मांडते. तुमचं मत हवंय.

आपल्यापैकी बहुतेकींची शिवणाशी ओळख कशी झाली, आठवा. शाळेत मुलींना शिवण, मुलांना सुतारकाम नाहीतर बागकाम. पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर धावदोरा, उलटी टीप, हेम, काज असे नमुने करायचे आणि वहीत चिकटवायचे. पुढे लग्नाच्या बाजारात प्रश्न, 'मुलीला शिवणटिपण येतं का?' येतं म्हटलं की मुलगी गुणी. सासरी त्या गुणाचा उपयोग काय, तर उशांचे अभ्रे, दिराच्या शर्टाची बटणं, नणंदेच्या साडीला फॉल. सगळं 'रिकाम्या वेळात'. बाईचा वेळ रिकामा असतो हे कुणी ठरवलं, देव जाणे!

म्हणजे शिवण आपल्याकडे आलं ते कर्तव्य म्हणून. आवडतं का, असं कुणी विचारलंच नाही.

तरीही या सुईने बायकांना आधार दिलाय, हे विसरून चालणार नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन सुरू केलं. या बायकांसमोर प्रश्न होता तो विधवांचा, टाकलेल्यांचा. घरात दोन वेळचं अन्न आणि आयुष्यभर राबणं, एवढंच ज्यांच्या वाट्याला होतं त्यांना स्वतःच्या पायावर कसं उभं करायचं? म्हणून लिहिण्यावाचण्याबरोबर, शिक्षिका आणि परिचारिका होण्याच्या शिक्षणाबरोबर शिवणकामही शिकवलं गेलं. घरातल्या दहा माणसांचे कपडे ती बाई फुकट शिवतच होती. तेच काम पैसे घेऊन करता येतं, हा त्या काळात मोठा धक्का होता. तेव्हा शिवणवर्गाला नाक मुरडण्याआधी आपण थोडं थांबूया.

मग मशीन आलं. आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये अमेरिकेत त्याच्या शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. त्याच्या कंपनीने ते हप्त्याहप्त्याने विकलं आणि ते जगभर घराघरांत पोचलं. आपल्याकडे १९३० च्या दशकात कोलकात्यात उषा मशीन तयार होऊ लागलं. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ मध्ये शिवणयंत्राला अपवाद केला होता. बायकोला हाताने टाके घालताना बघून सिंगरला दया आली आणि त्याने यंत्र काढलं, असं ते म्हणाले होते. प्रत्यक्षात या सिंगरने एकाच काळात वेगवेगळ्या बायकांशी संसार थाटले होते आणि त्याची मुलं दोन डझनांच्या आसपास होती! तेव्हा प्रेमाचं राहू द्या. पण यंत्र चांगलं आहे, याबाबत मी गांधीजींशी सहमत आहे.

हे यंत्र कुणाच्या मालकीचं, हा मात्र आपला प्रश्न आहे. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बायकांचं सामान आणायला आपण कितीदा गेलो असू. भांडी राहू दे, कपाट राहू दे, पण माझं मशीन आणा, असं सांगणाऱ्या बायका तुम्हालाही भेटल्या असतील. स्त्रीधनाच्या यादीत मशीन वरच्या ओळीत लिहा, असं मी नेहमी सांगते. पावती नसली तर माहेरच्या कुणाला साक्षीला घ्या.

आता पैशाकडे येऊ. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. बहुतेकांना ती नोकरी पुन्हा मिळाली नाही. कित्येक कुटुंबं गिरणगाव सोडून उपनगरांत आली. अशा अनेक घरांत चूल पेटली ती बायकांच्या हातावर. कुणी डबे केले, कुणी पापड लाटले आणि कितीतरी जणींनी घरी शिलाईचं काम आणलं. अंधेरीच्या, साकीनाक्याच्या गाळ्यांतून गठ्ठे यायचे आणि अजूनही येतात. काज-बटण करा, तुरपाई करा, टिकल्या लावा, दोरे कापा. दर नगावर नाहीतर डझनावर.

या कामात मशीन आपलं, दोरा पुष्कळदा आपला, वीज आपली, जागा आपली. सुई तुटली तर आपली. माल नापास झाला तर पैसे कापले जाणार तेही आपलेच. आणि एवढं करून जनगणनेवाला आला की घरातली माणसं सांगतात, 'ती काही करत नाही, घरीच असते.' १९८८ मध्ये इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा 'श्रमशक्ती' अहवाल आला, त्यात या न मोजल्या गेलेल्या कामाचं चित्र आलं. १९९६ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. घरी काम करणारीला कारखान्यातल्या कामगारासारखी वागणूक मिळावी, हे त्याचं सार. त्यासाठी 'सेवा'च्या बायकांनी वर्षानुवर्षं खटपट केली होती. आपल्या देशाने मात्र त्या करारावर अजून मोहोर उठवलेली नाही. २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्यात आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'घरबसल्या काम करणारा कामगार' ही व्याख्या तरी आली. ई-श्रमवर नाव नोंदवलं नसेल त्यांनी ते नोंदवा आणि व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' नको, शिलाई कामगार लिहा.

आता तुम्ही म्हणाल, यात आनंद कुठे आला? तिकडेच येतेय.

शिलाईच्या कुठल्याही गाळ्यात जाऊन बघा. कापड बेतणारा आणि कापणारा असतो 'मास्टर'. तो पुरुष असतो. त्याच्या कानावर पेन्सिल, गळ्यात टेप, हातात मोठी कात्री. मशीनवरही बऱ्याच ठिकाणी पुरुषच. बायका कुठे? खाली बसून दोरे कापताना, बटणं लावताना. पैसा कात्रीपाशी जास्त आणि सुईपाशी कमी. असं का? कारण कात्रीपाशी निर्णय असतो. कापड किती लागणार, उभं सूत कुठे धरायचं, उरेब कुठे घ्यायचं, तुकडा वाया कसा जाऊ द्यायचा नाही, हे कात्री चालवणाऱ्याला ठरवावं लागतं. नंतर टाके घालणारीला ठरवण्यासारखं काही उरत नाही.

घरातही तेच होतं. काय शिवायचं, कुणासाठी, कधी, हे दुसऱ्याने ठरवायचं आणि आपण टीप मारायची. त्यात कसला आनंद? म्हणून आमच्या वर्गात आम्ही पहिल्या दिवशी कटिंग शिकवतो. आधी वर्तमानपत्रावर, मग जुन्या चादरीवर. नवी आलेली बाई कात्री हातात घेऊन पाच मिनिटं नुसती उभी राहते. 'चुकलं तर?' चुकलं तर कागद आहे, दुसरा घे. चाळीस वर्षं रोज कांदा कापणारा हात कापडावर कात्री घालायला कचरतो, कारण कांदा कसा कापायचा हे ठरलेलं असतं आणि कापडाचं आता तिने ठरवायचं असतं. पहिला परकर, सहा कळ्यांचा, तिने स्वतः बेतून, कापून, नेफा घालून पुरा केला की तिचा चेहरा बघायला या. मी त्या आनंदाबद्दल बोलतेय.

त्या परकराला आम्ही एक गोष्ट हटकून शिवतो, खिसा. पुरुषाच्या शर्टाला खिसा, पॅंटला चार खिसे, लहान मुलाच्या चड्डीला खिसा. बाईच्या साडीला नाही, ब्लाऊजला नाही, पंजाबी ड्रेसला शिंपी विचारतसुद्धा नाही. म्हणून आपले पैसे ब्लाऊजमध्ये, कनवटीला, रुमालाच्या गाठीत, नाहीतर नवऱ्याच्या खिशात! बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या, कोळणी यांना हे केव्हाच कळलं होतं. त्यांची चंची असते, परकराला चोरखिसा असतो. आमच्या वर्गातल्या एक मावशी धुणीभांड्यांची कामं करतात. त्यांनी परकराला चेनचा खिसा लावला आणि पुढच्या आठवड्यात सांगितलं, 'पगार झाला ते घरात कुणाला कळलंच नाही दोन दिवस. दोन दिवस नुसती हात लावून बघत होते.' हसू नका. चार बाय सहा इंचांचा तो कापडाचा तुकडा आहे, पण आपला पैसा आपल्या अंगावर असणं म्हणजे काय ते त्यांना त्या दोन दिवसांत कळलं.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. एक बाजू काढून टाकली. घरी आल्यावर ती महिनाभर बाहेर पडली नाही. बाजारात मिळणारी कृत्रिम बाजू तिला परवडणारी नव्हती. एका गुरुवारी आम्ही तिघी तिच्या घरी गेलो, दार लावलं आणि टेप काढली. मऊ सुती कापडाची छोटी उशी शिवली, आत कापूस आणि वजनाला थोडी मोहरी. ब्लाऊजला आतून सुती कप्पा केला. पहिली उशी जड झाली, दुसरी वर सरकायची, तिसरी बसली. प्रत्येक वेळी ती आरशापुढे उभी राहायची, आम्ही उसवायचो आणि पुन्हा शिवायचो. तिसऱ्या खेपेला ती आरशात बघून म्हणाली, 'आता पदर नीट येतो.' मग आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. दुकानातल्या शिंप्याकडे ती हे माप द्यायला गेली नसती. हे माप मैत्रिणींनीच घ्यायचं असतं.

मापावरून आठवलं. आमच्या वर्गात आम्ही एकमेकींची मापं घेतो तेव्हा सुरुवातीला बायका पोट आत ओढून उभ्या राहतात. काही दिवसांनी सोडतात. छाती चाळीस, कंबर अडतीस, लिही. यात लाज कसली? कापड अंगाप्रमाणे कापायचं असतं, कापडाप्रमाणे अंग कापायचं नसतं. तयार कपड्यांच्या दुकानात 'तुमच्या साईजचं नाही' हे ऐकून आलेल्या मुलींना हे सांगावं लागतं.

पिशव्यांचं आमचं काम तुमच्यातल्या काहीजणींनी पाहिलं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उपनगरं बुडाली, तेव्हा तुंबलेल्या नाल्यांतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांची चर्चा फार झाली. पुढे २३ मार्च २०१८ ला राज्यात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि कापडी पिशव्यांना मागणी आली. आम्ही मात्र आधीपासून शिवत होतो, जुन्या पॅंटच्या, पडद्यांच्या, छत्रीच्या कापडाच्या. आमची बाजाराची पिशवी अगदी सोपी आहे, लिहून घ्या. कापड ३४ इंच लांब, १५ इंच रुंद. लांबीत दुमडा, दोन्ही कडांना अर्ध्या इंचावर दुहेरी टीप मारा. वरून एक इंच आत दुमडून शिवा. खालचे दोन्ही कोपरे पिशवी उलटी असताना चिमटीत धरून तीन इंचांची आडवी टीप घाला, म्हणजे पिशवीला बूड येतं आणि ती उभी राहते. बंदाला २२ बाय ४ इंचांच्या दोन पट्ट्या, चारपदरी दुमडून. बंद जिथे लावाल तिथे चौकोन शिवा आणि चौकोनात फुली. ही फुली विसरू नका. बंद तुटतो तो फुली नसल्यामुळे. पाच किलो तांदूळ या पिशवीतून आरामात येतात.

मग २०२० मध्ये करोना आला. राज्यभर बचतगटांच्या बायकांनी मास्क शिवले. दुकानं बंद, गाड्या बंद, पण घरातलं मशीन चालू. ज्यांना 'रिकामटेकडं काम' म्हणत होते त्या कामाशिवाय लोकांचं तोंड झाकलं जात नव्हतं.

आता सगळ्यांनी मिळून शिवण्याबद्दल. गोधडी तुम्हाला माहीतच आहे, कुणी वाकळ म्हणतं. आजीची नऊवारी, आजोबांचं धोतर, पोरांची झबली, सगळ्यांचे थर लावायचे आणि काठापासून आत धावदोरा घालत जायचं. चार बाजूंना चार बायका बसल्या की गोधडी लवकर पुरी होते. सीमेपलीकडे हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी बायका, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले होते, त्या ठिगळांची 'कवंदी' शिवतात आणि तिच्या चार कोपऱ्यांना कापडाची फुलं लावतात. कोपऱ्याला फूल नसेल तर थंडी काही जास्त वाजणार नाही. तरी त्या लावतात.

गोधडीभोवती बसलं की एक गोष्ट होते, ती समुपदेशन करणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. आपण केंद्रात बाईला समोर खुर्चीवर बसवतो, फॉर्म काढतो, विचारतो, 'मारतो का?' ती म्हणते, 'नाही.' तीच बाई गोधडीच्या कडेला बसून, मान खाली घालून, टाके घालता घालता सांगते. नजर कापडावर असते, कुणी तिच्याकडे टक लावून बघत नसतं. मध्येच थांबली तर दोरा ओवायला थांबली असं समजता येतं. आमच्याकडे आलेल्या कितीतरी केसेस आधी गुरुवारी बोलल्या गेल्या आणि मग सोमवारी लिहिल्या गेल्या.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. चिली देशात १९७३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. हजारो माणसं पकडली गेली, कित्येक गायब झाली. त्यांच्या आया, बायका, बहिणी सांतियागोमध्ये चर्चच्या आश्रयाने एकत्र बसू लागल्या आणि गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवू लागल्या. 'माझा मुलगा कुठे आहे?' असं त्या कापडात विचारलेलं असायचं. काहींनी गायब झालेल्या माणसाच्या शर्टाचेच तुकडे लावले. ही चित्रं देशाबाहेर गेली, विकली गेली, त्यावर घरं चालली आणि जगाला तिथे काय चाललंय ते कळलं. बायकांचं शिवणकाम म्हणून सुरुवातीला कुणी त्याकडे लक्षच दिलं नव्हतं!

आपल्या अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्या जोडून खोळी शिवणाऱ्या बायका 'सेवा'मध्ये संघटित झाल्या आणि त्यांनी व्यापाऱ्यांकडे दर वाढवून मागितले. एकेकटीने मागितले असते तर गठ्ठा दुसरीला गेला असता. एकत्र बसल्यावरच शेजारणीला काय दर मिळतो हे कळतं. म्हणून घरी गठ्ठा देणाऱ्यांना बायका एकत्र बसलेल्या फारशा आवडत नाहीत.

आता जागेचा प्रश्न. डोंगरावरच्या वस्तीत आमचं घर होतं तेव्हा ओटा होता. दुपारी कामं आटपली की ओट्यावर तीन मशीनं यायची, पोरं समोर खेळायची, कुणाचं शिवण, कुणाचं निवडणं. मुंबईत बायका एकत्र बसायला कुठलीही जागा पुरते. ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली महिला विशेष गाडी सुरू केली. त्या गाडीत फॉल लावून झालेल्या साड्या आणि विणून झालेले स्वेटर मोजायचे तर वेगळं खातं उघडावं लागेल! पण वस्ती गेली, झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत आली. १९९५ च्या योजनेत २२५ चौरस फूट, २००८ पासून २६९, पुढे ३००. संडास घरात आला, पाणी घरात आलं, त्यासाठी आपणच लढलो, त्याबद्दल तक्रार नाही. पण ओटा गेला. आता बाराव्या मजल्यावर दार लावलं की शेजारीण दिसत नाही. मशीन पलंगाखाली गेलं. बाई तीच, मशीन तेच, पण आता ती एकटीच शिवते. आणि एकटी शिवणारीला कमी दर सांगणं सोपं जातं.

या इमारतींत बालवाडीसाठी, समाजकल्याण केंद्रासाठी जागा ठेवायची असते, नियमच आहे. नकाशात ती दाखवलेली असते. आमच्या इमारतीतही खोली आहे. तिला कुलूप आहे आणि आत जुन्या खुर्च्या, गणपतीचं मखर आणि कमिटीचं सामान आहे. आम्ही लेखी अर्ज दिला. तोंडी उत्तर मिळालं, 'बायकांना शिवायला घरं दिलीत की!' आम्ही पुन्हा अर्ज दिला आणि या खेपेला पोच घेतली. हे मी तुम्हालाही सांगते. आपापल्या इमारतीचा मंजूर नकाशा बघा, माहितीच्या अधिकारात मागवा, ती खोली कुठे आहे ते शोधा. ओट्याची भरपाई मागायची तर तिथे मागायची.

आता आमच्यापुढचा निर्णय. एका ठेकेदाराने आमच्या गटाला कायमचं काम देऊ केलं आहे. कापड कापून येणार, आम्ही फक्त जोडायचं, आठवड्याचे सहाही दिवस. म्हणजे गुरुवारची दुपार बंद. गुरुवारी आम्ही कुठलीही ऑर्डर घेत नाही. ज्याला जे हवं ते शिवतो, नवीन बायकांना कटिंग शिकवतो. आमच्यातल्या एका मैत्रिणीने बैठकीत सरळ सांगितलं, 'ताई, आनंद पोटाला खाता येत नाही. माझ्या मुलाची फी आहे.' तिला उत्तर देताना मी एकही मोठा शब्द वापरणार नाही. ती खरं बोलते. ज्यांना पैशाची गरज आहे त्यांना आनंदाचं व्याख्यान देणं हा माजोरीपणा होईल.

म्हणून मी काम नाकारा असं म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की काम आपल्या अटींवर घ्या. दर कागदावर लिहून घ्या, त्यात दोरा, सुई आणि वीज कोणाची ते लिहा. नापास मालाचा निर्णय आपल्या समोर व्हावा. काही माल तरी अखंड कापडाच्या रूपात यावा आणि कटिंग आपण करावं, त्याचा दर वेगळा. आणि पाच दिवस काम, गुरुवारची दुपार आपली. गुरुवार सोडला तर थोडे पैसे कमी मिळतील, हे मला मान्य आहे. पण गुरुवार गेला तर दोन वर्षांनी आमच्याकडे कटिंग येणारी नवी बाई नसेल, दर विचारणारी बैठक नसेल, आरशापुढे उभं राहायला मैत्रीण नसेल. मग तो ठेकेदार जो दर सांगेल तो आम्ही घेऊ. आपण शिवलेल्या वस्तूत किती डोकं आणि किती जीव घातलाय हे ज्या बाईने स्वतः अनुभवलंय, तीच त्याचा दर मान वर करून सांगू शकते. त्यासाठी मला गुरुवार हवा आहे.

गटात याच्याशी सहमत नसलेल्या बायका आज इथे बसल्या आहेत. त्यांनीही इथे येऊन बोलावं, म्हणून मी माझं लवकर आटपते. अंधेरीच्या, बोरिवलीच्या, मुलुंडच्या गटांनी त्यांच्याकडे गठ्ठ्याचे दर काय चालले आहेत ते आज जाण्यापूर्वी फळ्यावर लिहावेत. नाव लिहायची गरज नाही. कामाचा प्रकार आणि दर एवढं पुरे. चारही ठिकाणचे दर शेजारी शेजारी आले की ठेकेदाराशी काय बोलायचं ते आपल्याला कळेल.

आणि पुढच्या गुरुवारी दुपारी तीनला, जिला यायचं तिने यावं. जुनी साडी आणा, आपली कात्री आणा. खोलीचं कुलूप निघालं नसेल तर आम्ही जिन्याच्या खालच्या मोकळ्या जागेत बसलेल्या असू.